हॅलोजन काढून एचआयडी : मी काय उजेड पाडला



मागच्या वेळी आपण टायरमधल्या हवेबद्दल बोललो. त्यानंतर कोल्हापूरहून, बेळगावहून, इंदूरहून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "सर, जीपला हॅलोजन आहे, रात्री जंगलात काही दिसत नाही. एचआयडी टाकून घेऊ का?"

थोडक्यात उत्तर असं, की एचआयडी जरूर घ्या, पण हेडलाइटमधला बल्ब काढून त्या जागी नको. सविस्तर उत्तर द्यायला आज बसलोय. कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती दुसऱ्याच एका माणसाच्या जिवावर बेतता बेतता राहिली.

तुम्ही म्हणाल, आता एलईडीचा जमाना, हा म्हातारा एचआयडी काय घेऊन बसलाय? बरोबर आहे. नव्या गाड्यांत एलईडीच येतात. पण इथे चेन्नईत पुदुपेटला जुन्या गाड्या मोडून निघालेले दिवे मिळतात, एचआयडीचे किट अजून विकले जातात, आणि एचआयडीत जी चूक आम्ही केली तीच आता एलईडीत नव्याने चालू आहे. तेव्हा ऐका.

माझ्याकडे जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे. डिझेल, फोर बाय फोर, पुढे दोन गोल सात इंची दिवे, आत एच-४ बल्ब. मैलापूरच्या गल्ल्यांत हेडलाइटची गरज नसते, हॉर्नची असते. पण सुट्टीच्या दिवशी आम्ही चार-पाच जण गाड्या घेऊन बाहेर पडायचो. कधी जवादीचे डोंगर, कधी कोल्ली मलै, जिथे घाटात ७० हेअरपिन वळणं आहेत. कच्च्या रस्त्याने परत येताना अंधार व्हायचा आणि माझे दिवे म्हणजे देवळातली समई. दगड दिसायचा तो चाक त्यावर चढल्यावर.

मग २०१२ साली एक दिवस उठलो आणि जनरल पॅटर्स रोडवर गेलो. अण्णा सालैला लागून असलेला हा रस्ता म्हणजे गाड्यांच्या सामानाचा बाजार. एका दुकानात एचआयडीचं किट घेतलं. खोक्यावर ८००० केल्विन लिहिलेलं. दोन बल्ब, दोन बॅलास्ट, वायरिंगचा गुच्छ. अर्ध्या तासात बसवून झालं. घरी येऊन लावलं तर समोरची भिंत निळसर पांढरी लखलखली. वॉचमन म्हणाला, "सूपर सार." मला पण वाटलं, सूपर.

दोन आठवड्यांनी पाँडिचेरीकडून ईस्ट कोस्ट रोडने परतत होतो. तेव्हा महाबलीपुरमच्या पलीकडे तो रस्ता दुपदरीच होता, मध्ये दुभाजक नाही. समोरून एक मोपेड येत होती. मी शहाण्यासारखा अप्परवरून डिपरवर आलो. हे नीट लक्षात घ्या, मी डिपरवर होतो. मोपेड जवळ आली, डगमगली, आणि डांबर सोडून वाळूत गेली. माणूस पडला.

थांबलो, धावलो. साठीच्या आसपासचे गृहस्थ, मागे माशांची टोपली. कोपर सोललेलं, गुडघ्याला खरचटलेलं, बाकी देवाच्या कृपेने काही नाही. मासे वाळूत पसरलेले. ते शिव्या देतील म्हणून मी तयार होतो. ते फक्त म्हणाले, "कण्णु तेरियल, सार." डोळ्यांना दिसेना. मग जे म्हणाले ते जास्त लागलं. बस येते तेव्हाही डोळे दिपतात, पण ही बस आहे, ती इथून इथपर्यंत आहे, हे कळतं. तुमचं नुसतं पांढरं होतं. रस्ताही दिसला नाही आणि गाडीही.

माशांचे पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले, जितके झाले तितकेच, वरचे परत केले. चेन्नईपर्यंत मी हळूहळू आलो. समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारत होता, अप्पर बंद कर म्हणून. अप्पर बंदच होता. आदल्या दोन आठवड्यांतही मारत असणारच. मला वाटत होतं लोकांना माझे दिवे आवडलेत.

माझी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली, म्हणजे गाड्या आणि रसद. तरुणपणी रात्रीच्या मूव्हला हेडलाइट लावायचीच परवानगी नसायची. ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर खालून एक छोटा कॉन्व्हॉय लॅम्प. मागच्या ड्रायव्हरने तो पांढरा गोळा पकडून चालायचं. एवढ्या उजेडात आम्ही रात्र रात्र गाड्या चालवल्या आहेत, आणि कुणाच्या डोळ्यांत काही गेलं नाही. त्या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात एका मासेवाल्याला आंधळं करावं, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी भिंतीसमोर गाडी लावून बसलो.

आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भिंतीपासून पाच मीटर मागे गाडी उभी राहते. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. एका बाजूला एचआयडी ठेवला, दुसऱ्या बाजूला जुना हॅलोजन परत घातला. डिपर लावला. हॅलोजनचा प्रकाश त्या रेघेच्या खाली, वर अंधार, कडा बऱ्यापैकी स्वच्छ, आणि डाव्या हाताला ती कड थोडी वर चढलेली. आपण डावीकडून चालतो ना, म्हणून कडेचे दगड आणि पायी चालणारे दिसावेत यासाठी तशी रचना असते. एचआयडीच्या बाजूला कडच नाही. रेघेच्या खाली झगझगाट, वरही झगझगाट, छतापर्यंत फराटे. वॉचमनला मोपेडवाल्याच्या उंचीवर उकिडवा बसवला. त्याने तोंड फिरवलं.

असं का होतं ते आता सांगतो. हा भाग जरा सावकाश ऐका, बाकी सगळं यावरच उभं आहे.

एच-४ बल्बमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक अप्परचं, एक डिपरचं. डिपरच्या वेटोळ्याखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून परावर्तित होऊन तो रस्त्यावर खाली येतो. हा सगळा खेळ मिलिमीटरचा आहे. रिफ्लेक्टर बनवणाऱ्याने वेटोळं नेमकं कुठे असेल, केवढं असेल, हे धरून त्याचा आकार ठरवलेला असतो. एच-४ युरोपात १९७१ साली आला आणि इतकी वर्षं टिकला, तो या साध्या युक्तीवर.

एचआयडीत तार नाही. वाटाण्याएवढ्या काचेच्या फुग्यात झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार, दोन टोकांमध्ये चारेक मिलिमीटरचं अंतर, आणि त्या फटीत विजेची ठिणगी सतत पेटती. वेल्डिंगची ठिणगी आठवा, तिचीच ही सभ्य धाकटी बहीण. ही ठिणगी सरळ नसते, मध्ये किंचित वर वाकलेली असते, आणि सगळीकडे सारखी उजळ नसते, टोकांशी जास्त प्रखर. म्हणजे आकार वेगळा, जागा वेगळी, प्रकाशाची वाटणी वेगळी. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरला हे काहीच ओळखीचं नाही. तो बिचारा आपल्या हिशोबाने प्रकाश फेकतो आणि तो जातो समोरच्याच्या डोळ्यांत.

त्यात प्रकाश किती? चांगला एच-४ डिपरवर सुमारे १००० ल्यूमेन देतो, अप्परवर १६५०. झेनॉनचा डी-२-एस हा मूळ प्रमाणित बल्ब ३५ वॅटमध्ये ३२०० देतो. विस्कटलेला प्रकाश, आणि तो तिप्पट. गाड्यांत एचआयडी पहिल्यांदा आलं १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमध्ये. पण तिथे दिवा सबंध वेगळा बनवलेला होता. पुढे युरोपात नियमच झाला, की २००० ल्यूमेनच्या वरचा डिपर असेल तर मागे वजन पडून गाडीचं नाक वर झालं की दिवा आपोआप खाली झुकला पाहिजे, आणि दिव्याची काच धुण्याची सोय पाहिजे. कारण काचेवर धूळ असली की प्रकाश सगळीकडे फुटतो. आता आपली जीप आठवा. मागे तंबू, पाण्याचे कॅन, चार माणसं. पुढच्या काचेवर पावशेर चिखल. आणि आत चिनी एचआयडी.

अजून एक गंमत. इतका उजेड असून मला लांबचं दिसत होतं का? नाही. नाकासमोरची पाच-सात मीटर जमीन इतकी उजळ व्हायची की डोळ्यांची बाहुली आकसायची आणि पलीकडचा अंधार जास्तच काळा वाटायचा. ८००० केल्विनचा निळसर रंग तर फसवाफसवी. झेनॉन सगळ्यात जास्त प्रकाश देतो तो ४३०० केल्विनच्या आसपास, पांढराच पण किंचित उबदार. त्याच्यावर जसजसं निळं जाल तसा प्रकाश कमी होतो, झगमगाट तेवढा वाढल्यासारखा वाटतो. धुक्यात आणि पावसात तो निळा प्रकाश माघारी येऊन आपलेच डोळे दिपवतो. ताम्हिणीत किंवा आंबोलीत पावसाळ्यात गाडी चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको. साठीनंतर डोळ्यांच्या आतल्या भिंगातही प्रकाश जास्त फुटतो. समोरून असा दिवा आला की आम्हा म्हाताऱ्यांना काही क्षण नुसतं पांढरंच दिसतं.

तर किट काढलं. पण मूळ दुखणं तसंच होतं, समईसारखे दिवे. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. मल्टिमीटर काढला.

इंजिन चालू, दिवे लावलेले. बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट. बल्बच्या सॉकेटवर ११.९. मधले जवळजवळ दोन व्होल्ट गेले कुठे? जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत, तिथून पायाखालच्या किंवा स्टिअरिंगच्या डिपर स्विचपर्यंत, आणि मग पुढे दिव्यापर्यंत जातो. बारीक वायर, गंजलेली टोकं, बॉडीला कसंतरी केलेलं अर्थिंग. सगळीकडे थोडी थोडी गळती. आणि हॅलोजनचं असं आहे, की व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. माझ्या हिशोबाने माझे दिवे त्यांच्या ताकदीच्या ६० टक्क्यांवर जळत होते. दिवा उपाशी होता आणि मी त्याला नालायक ठरवून मोकळा झालो होतो.

उपाय दोन रिले. अप्परला एक, डिपरला एक. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला, ८७ वरून बल्बला. गाडीचं जुनं वायरिंग आता फक्त रिलेला इशारा देतं, ८५ आणि ८६ वर. बल्बचं अर्थिंग वेगळ्या वायरने सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. सॉकेट सिरॅमिकचं. रिफ्लेक्टरची चकाकी उडालेली होती, म्हणून दिवेही नवे घेतले, तेच सात इंची, साधे, चांगल्या कंपनीचे, ६०/५५ वॅटच्या बल्बसकट. परत मोजलं तर बल्बवर १३.४. सगळा खर्च किटपेक्षा कमी.

इथे कुणीतरी म्हणेल, सर, मग १००/९० चे बल्ब का नाही? तेही करून झालंय लोकांचं. जुन्या वायरिंगवर ते लावले की सॉकेट वितळतं, स्विच तापतो, रिफ्लेक्टर करपतो. नियमातही बसत नाहीत. रिले लावून घेतलेला साधा ६०/५५ एकदा चालवून बघा, मग बोलू.

आता एचआयडीची बाजू. मी त्याला शत्रू मानत नाही. जंगलात, खासगी जागेत, स्पर्धेत, जिथे समोरून कुणी येत नाही, तिथे एचआयडीच्या ड्रायव्हिंग लॅम्पला तोड नव्हती. अख्खा दिवा त्याच ठिणगीसाठी बनवलेला, त्याचा रिफ्लेक्टर, त्याची काच. मी नंतर असे दोन घेतले, पुढच्या बंपरवर बसवले. पहिल्यांदा कच्च्या रस्त्यावर लावले तेव्हा लांबवरची बाभळ काट्यासकट दिसली म्हणा ना. तार नसल्याने खडखडाटात तुटायला काही नाही, हा ऑफ-रोडला मोठाच फायदा. हॅलोजनच्या तारेला दगडावरचे धक्के सोसत नाहीत. वीजही कमी खातो. ३५ वॅटचे दोन दिवे म्हणजे चालू असताना साधारण सहा अँपिअर. मात्र पेटताना काही सेकंद याच्या कितीतरी पट जास्त ओढतो, म्हणून याही दिव्यांना रिले आणि जाड वायर हवीच.

त्याचे नखरेही आहेत. लावल्याबरोबर पूर्ण तेजाने पेटत नाही, काही सेकंद घेतो. त्यामुळे डिपर-अप्पर करायला, इशारा द्यायला निरुपयोगी. पेटवायला बॅलास्ट २० हजार व्होल्टच्या वरचा झटका देतो, तेव्हा दिवा चालू असताना तिथे हात घालायचा नाही. फौजेत आम्ही म्हणायचो, वीज रँक बघत नाही. बॅलास्ट वर, कोरड्या जागी बसवा, आणि ओढ्यात उतरण्याआधी दिवे बंद करून काच जरा निवू द्या. जुन्या डी-१, डी-२ बल्बमध्ये थोडा पारा असतो. फुटला तर आधी खिडक्या उघडा, मग काचा गोळा करा, हाताने नको.

टपावर बसवू नका. दिसायला रुबाबदार, पण बॉनेटवर पडलेला प्रकाश तुमच्याच डोळ्यांत येतो आणि धुळीत समोर पांढरा पडदा उभा राहतो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होतं. तसल्या गाड्यांचे फोटो बघून पोरांना टपावर दिव्यांची माळ लावायची हौस येते. त्या गाड्या बंद मार्गावर चालतात. तुम्ही सोमवारी त्याच गाडीने ऑफिसला जाता.

माझ्या दोन दिव्यांना वेगळा स्विच आहे, आणि त्यांच्या रिलेला इशारा अप्परच्या वायरमधून येतो. म्हणजे मी डिपर केला की ते आपोआप बंद. विसरायची सोयच ठेवलेली नाही. आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी त्यांच्यावर झाकणं. दरवेळी उतरून लावायची. पावसात असलो तरी.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल चालणार नाहीत. स्पॉटलाइटलाही १९८९ च्या नियमांत बंधनं आहेत. तेव्हा जादा दिवे बसवायच्या आधी आपल्या आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही विचारा. अपघातानंतर विचारण्यापेक्षा बरं.

ज्यांना हेडलाइटच एचआयडी हवा, त्यांनी निदान प्रोजेक्टरचा पूर्ण दिवा बघावा, ज्यात भिंग आणि कड पाडणारा पडदा असतो. तोही घेताना एक तपासा. अमेरिकेच्या जीपसाठी बनवलेला दिवा उजवीकडे वर चढतो, कारण ते उजवीकडून चालतात. आपल्याकडे लावलात की तो थेट समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर. पुदुपेटला मिळणाऱ्या दिव्यांत हे हमखास निघतं. विकणाऱ्याला माहीत नसतं आणि घेणारा विचारत नाही. भिंतीवर लावून बघितलं की दोन मिनिटांत कळतं.

आणि एच-४ च्या जागी बसणारे एलईडी बल्ब? तेच उत्तर. एलईडीच्या चकत्या तारेच्या नेमक्या जागी आहेत का, हे तुम्हाला खोक्यावरून कळणार नाही, भिंतीवरून कळेल.

भिंतीचं नीट सांगतो आणि थांबतो. सपाट जमीन. टायरमध्ये योग्य हवा, मागच्या भागात सांगितलीय ती. टाकीत डिझेल, ड्रायव्हरच्या जागी माणूस, आणि प्रवासात जेवढं सामान असतं तेवढं मागे. भिंतीपासून पाच मीटर. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर रेघ, आणि डिपरची कड त्या रेघेच्या पाच ते सात सेंटीमीटर खाली. एक दिवा झाकून दुसरा लावायचा, मग उलट. आमच्या पार्किंगमधली माझी रेघ आता वॉचमनने ऑइल पेंटने रंगवून टाकलीय. इमारतीतल्या गाड्यांना तो ती रविवारी सकाळी दाखवतो, पण सकाळी काय दिसणार? रात्री करा.